परिप्रश्न : प्रश्नांचे प्रकार व त्यांची उत्तरे

श्रीमद्भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायातील चौतिसाव्या श्लोकात ज्ञानप्राप्तीची तीन साधने सांगितली आहेत : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. यांपैकी प्रणिपात व सेवा यांचे माहात्म्य घरोघरी सांगितले जाते. परिप्रश्नाचा विचार मात्र त्या मानाने थोडा होतो. वडीलधाऱ्यांपुढे किंवा गुरूपुढे प्रश्न करणे म्हणजे श्रद्धेत उणेपणा दाखविणे, अशीही अनेकांची समजूत असते. परंतु भगवंतांनी प्रश्नाला नमन आणि सेवा यांच्या बरोबरीचे, किंबहुना त्या दोहोंच्या मधले स्थान दिले आहे. नम्रता व सेवा यांवाचून केलेला प्रश्न उद्धट होतो, आणि प्रश्नावाचून केलेली सेवा अंधळी राहण्याचा संभव असतो.

गीतेचा आरंभच एका प्रश्नाने झाला आहे. कुरुक्षेत्रावर जमलेल्या आपल्या आणि पांडूच्या पुत्रांनी काय केले, असे धृतराष्ट्र संजयाला विचारतो. उपदेशाच्या अखेरीसही प्रश्नच आहे, तो स्वतः भगवंतांनी अर्जुनाला केलेला आहे (१८.७२). या दोन प्रश्नांच्या मध्ये अर्जुनाने केलेले अनेक प्रश्न आहेत. ते सर्व एकाच जातीचे नाहीत, आणि त्यांना मिळालेली उत्तरेही एकाच रीतीची नाहीत. कोठे एका शब्दात निर्णय आहे, कोठे विभाग करून सांगितले आहे, कोठे आधी धीर दिला आहे, तर कोठे मौन आहे. कोणत्या प्रश्नाला कोणत्या जातीचे उत्तर योग्य, हे ज्ञान ज्यास झाले, त्याच्या संसारातील पुष्कळसा कलह आणि पुष्कळसे दुःख हलके होते. यास्तव हा विषय केवळ शास्त्राभ्यासाचा नसून गृहस्थाश्रमाचाही आहे.

१. प्राचीनांनी केलेला विभाग

पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्यात, चौथ्या पादाच्या तेहतिसाव्या सूत्रावर लिहिताना, प्रश्नांचा मोठा मार्मिक विभाग केला आहे. काही प्रश्नांना एकच निश्चित उत्तर असते. जन्मास आलेला प्रत्येक प्राणी मरणार काय, असे कोणी विचारल्यास 'होय' एवढेच म्हणावे लागते. परंतु मरणारा प्रत्येक जण पुन्हा जन्मास येणार काय, असा प्रश्न आल्यास 'होय' म्हणूनही चालत नाही आणि 'नाही' म्हणूनही चालत नाही. ज्याला विवेकज्ञान झाले व ज्याची तृष्णा क्षीण झाली तो येणार नाही, इतर येतील, असे विभागूनच उत्तर द्यावे लागते. मनुष्यजन्म श्रेष्ठ की नाही, हा प्रश्नही असाच आहे : पशूंच्या अपेक्षेने तो श्रेष्ठ आहे, देव व ऋषी यांच्या अपेक्षेने नाही. तिसऱ्या जातीचा प्रश्न असा की, ज्या रूपात तो विचारला जातो त्या रूपात त्याचे उत्तरच देता येत नाही. संसाराला अंत आहे की तो अनंत आहे, हा त्याचा दाखला होय. भाष्यकार सांगतात की, ज्ञानी पुरुषापुरता त्याला अंत आहे, इतरांस नाही; सरसकट एक उत्तर देणे शक्य नाही.

बौद्धांच्या पाली ग्रंथांतही असाच विभाग आढळतो; तेथे आणखी एक प्रकार गणला आहे. विचारणाऱ्यालाच उलट प्रश्न करून ज्याचे उत्तर द्यावयाचे, तो हा प्रकार होय. असे एकूण चार प्रकार झाले : निश्चित उत्तराचा, विभागून उत्तर देण्याचा, प्रतिप्रश्नाने उलगडण्याचा आणि बाजूला ठेवण्याचा. हा विभाग मनात धरून गीतेतील प्रश्नांकडे पाहिले असता त्यांतील क्रम आपोआप उघड होतो.

२. प्रश्नाच्या रूपात दडलेला निर्णय

पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या तोंडी प्रश्न पुष्कळ आहेत. राज्याचा काय उपयोग? स्वजनांना मारून कोणते सुख मिळणार? कुलक्षयाचा दोष दिसत असताना आपण मागे का फिरू नये? व्याकरणदृष्ट्या हे सर्व प्रश्नच आहेत. तथापि त्यांतील एकालाही पहिल्या अध्यायात उत्तर मिळालेले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. याचे कारण असे की, अर्जुनाला येथे काही जाणून घ्यावयाचे नव्हते. त्याचा निर्णय आधीच झाला होता. प्रश्न हे त्या निर्णयाचे केवळ वस्त्र होते. म्हणूनच तो बोलणे संपवून धनुष्यबाण टाकतो आणि रथात बसतो.

दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात मात्र पालट होतो. आपले चित्त धर्माविषयी गोंधळले आहे, असे तो कबूल करतो, जे निश्चित श्रेयस्कर असेल ते सांगण्याची विनंती करतो आणि शिष्य म्हणून शरण येतो. त्यानंतरच अकराव्या श्लोकापासून उपदेशाला आरंभ होतो. प्रश्नाच्या आधी ज्याच्या मनात 'मला कळत नाही' ही जाणीव नाही, त्याला उत्तर देऊन उपयोग नसतो.

संसारात या जातीचा प्रश्न नित्य ऐकू येतो. एखादा गृहस्थ भावापासून वेगळे होण्याचे मनात पक्के करून घरातील वृद्धाकडे येतो आणि विचारतो की, असल्या माणसाबरोबर एका छपराखाली कसे राहावे? त्याला राहण्याची रीत विचारावयाची नसते; त्याला संमती हवी असते. वृद्धाने घाईने उपदेश केला तर वाद वाढतो, आणि होकार दिला तर घर मोडल्याचे खापर त्याच्या माथी येते. अशा वेळी सर्व ऐकून घ्यावे व थांबावे. पुढे कधीतरी तोच गृहस्थ येऊन खरोखर विचारील की, आपले कोठे चुकते आहे? त्या दिवशी सांगण्यासाठी शब्द राखून ठेवावेत.

३. स्वरूप व लक्षण विचारणारे प्रश्न

आठव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन ब्रह्म, अध्यात्म, कर्म, अधिभूत, अधिदैव व अधियज्ञ म्हणजे काय, आणि अंतकाळी भगवंतांना कसे जाणावे, असे सात प्रश्न एकामागून एक विचारतो. उत्तरेही तशीच थोडक्या शब्दांत आणि क्रमाने येतात. व्याख्या विचारणाऱ्याला व्याख्याच द्यावी. तेथे पाल्हाळ नको आणि उपदेशही नको.

लक्षण विचारणारे प्रश्न याहून निराळे होत. स्थितप्रज्ञ कसा बोलतो, कसा बसतो, कसा चालतो, असे दुसऱ्या अध्यायात विचारले आहे (२.५४). अर्जुन बाहेरच्या खुणा विचारतो. भगवान मात्र उत्तराचा आरंभ आतून करतात : मनातील सर्व कामना सुटणे आणि आत्म्यातच संतोष मिळणे, हे पहिले लक्षण सांगतात. दुसऱ्याची ओळख पटविण्यासाठी विचारलेला प्रश्न अशा रीतीने स्वतःची परीक्षा पाहण्याकडे वळविला गेला आहे. श्रीशंकराचार्यांनी या ठिकाणी स्पष्ट केले आहे की, सिद्ध पुरुषाची जी लक्षणे, तीच साधकाची साधने होत. चौदाव्या अध्यायात अर्जुनाचा प्रश्नही अधिक परिपक्व झालेला दिसतो. गुणातीत पुरुषाची लक्षणे व आचार यांबरोबर, गुणांच्या पलीकडे जावे कसे, हेही तो विचारतो (१४.२१). शिष्य वाढला म्हणजे त्याचा प्रश्नही वाढतो.

ज्ञानी पुरुष कसा ओळखावा, हा प्रश्न आजही वारंवार विचारला जातो. तो विचारणाऱ्याने क्षणभर थांबून पाहावे की, आपणास ती लक्षणे दुसऱ्यावर लावून पाहावयाची आहेत की स्वतःच्या ठिकाणी आणावयाची आहेत. पहिल्या हेतूने वाचलेले अठरा श्लोक परनिंदेला साधन होतात. दुसऱ्या हेतूने वाचलेला एकही श्लोक आयुष्याला पुरतो.

४. दोहोंतील श्रेष्ठ कोणते?

अर्जुनाने 'निश्चित' सांगण्याचा आग्रह तीन वेळा धरला आहे : दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या, तिसऱ्याच्या दुसऱ्या आणि पाचव्याच्या पहिल्या श्लोकात. गोंधळलेल्या मनाला एकच उत्तर हवे असते. पण प्रश्न विभागून उत्तर देण्याजोगा असेल, तर एकच शब्द देणे हा विचारणाऱ्यावर अन्याय होतो.

कर्मसंन्यास आणि कर्मयोग यांपैकी श्रेष्ठ कोणता, या प्रश्नाचे उत्तर पाहावे (५.२). भगवान प्रथम सांगतात की, दोन्ही मार्ग कल्याणालाच नेतात. नंतर सांगतात की, त्यांत कर्मयोग विशेष आहे. आणि पुढे सहाव्या श्लोकात कारणही देतात की, योगावाचून संन्यास साधणे दुःखकर आहे. बाराव्या अध्यायातही रीत तीच आहे. सगुणाचे उपासक उत्तम योगी म्हटले आहेत. अव्यक्ताचे उपासकही भगवंतांनाच पोहोचतात, परंतु देहधाऱ्याला त्या वाटेने क्लेश अधिक होतात. एका मार्गाची निवड झाली, पण दुसऱ्याची निंदा झाली नाही; आणि निवड विचारणाऱ्याचा अधिकार पाहून झाली. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्मयोगाचे जे विस्तृत विवेचन केले, त्याच्या मुळाशी अर्जुनाची हीच शंका आहे. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणाचे नावच 'कर्मजिज्ञासा' असे आहे.

सतराव्या अध्यायातील प्रश्न आणखी सूक्ष्म आहे. शास्त्रविधी सोडून, परंतु श्रद्धेने जे यजन करतात, त्यांची निष्ठा सात्त्विक, राजस की तामस, असे अर्जुन विचारतो. तिहींपैकी एक नाव घेऊन भागले असते. परंतु भगवान श्रद्धेचेच तीन प्रकार करतात, आणि आहार, यज्ञ, तप व दान यांपर्यंत तो विभाग नेतात. प्रश्नातील एक शब्द अनेक अर्थांनी भरलेला असेल, तर आधी तो शब्द उलगडावा लागतो.

साठी उलटलेला एखादा गृहस्थ विचारतो की, आता घर सोडून तीर्थक्षेत्री राहणे चांगले की घरीच राहणे चांगले? याला एका शब्दाचे उत्तर नाही. घरात कोणी आजारी आहे काय, कोणाचे देणे राहिले आहे काय, मन घराला कंटाळले आहे की भगवंताकडे ओढले जात आहे, हे त्यालाच विचारावे लागते. त्या प्रतिप्रश्नांची प्रामाणिक उत्तरे दिली की, मूळ प्रश्नाचे उत्तर त्याला स्वतःच सापडते.

५. चुकीच्या गृहीतावर उभा असलेला प्रश्न

चौथ्या अध्यायाच्या आरंभी भगवान सांगतात की, हा योग आपण पूर्वी विवस्वानाला सांगितला. अर्जुन तत्काळ शंका घेतो की, विवस्वानाचा जन्म फार पूर्वीचा आणि श्रीकृष्णाचा अलीकडचा, तेव्हा हे कसे समजावे? ही शंका अगदी सरळ आहे, आणि ती निर्भयपणे विचारली आहे. भगवान रागावत नाहीत. प्रश्नाखालचे गृहीत तेवढे काढून घेतात. दोघांचेही अनेक जन्म झाले आहेत. अर्जुनाला ते आठवत नाहीत, आपणास ते ज्ञात आहेत, असे ते सांगतात. गृहीत निघाले की शंकेला उभे राहण्यास जागाच उरत नाही.

घरातील मुलाने विचारावे की, देव सर्वत्र आहे तर देवळात का जावयाचे? पुष्कळदा त्याला 'फार बोलू नकोस' असे उत्तर मिळते. वस्तुतः ही अर्जुनाच्याच जातीची शंका आहे. देव एकाच ठिकाणी असतो म्हणून माणूस देवळात जातो, असे मुलाने गृहीत धरलेले असते. देवाला तेथे गाठण्यासाठी नव्हे, तर आपले विखुरलेले मन एके ठिकाणी आणण्यासाठी तेथे जावयाचे, असे शांतपणे सांगितले तर त्याचे समाधान होते. दटावून गप्प केलेले मूल श्रद्धावान होत नाही. ते केवळ विचारणे सोडून देते, आणि मोठेपणी देऊळही सोडून देते.

६. कारण, उपाय आणि भय

इच्छा नसतानाही, जणू बळाने ढकलल्याप्रमाणे, मनुष्य पाप का करतो, हा अर्जुनाचा प्रश्न कारण विचारणारा आहे (३.३६). काम व क्रोध हे त्याचे कारण म्हणून सांगितले. परंतु उत्तर तेथे संपत नाही. तो शत्रू इंद्रिये, मन व बुद्धी या ठिकाणी राहतो हे सांगून, त्याला जिंकावयाचे कसे, येथपर्यंत ते नेलेले आहे. ज्या कारणाच्या ज्ञानाने उपाय सुचतो, त्या कारणाचाच शोध गीता करते.

मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे, हे सहाव्या अध्यायातील अर्जुनाचे म्हणणे पाहावे. त्यात तक्रार आहे व थोडी निराशाही आहे. भगवान आधी ते म्हणणे मान्य करतात, मन दुर्निग्रह आहे यात संशय नाही असे म्हणतात, आणि मग अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगतात (६.३५). समोरच्याची अडचण खोटी ठरवून दिलेला उपाय त्याच्या गळी उतरत नाही.

त्यापाठोपाठ येणारा प्रश्न गीतेतील अत्यंत हृदयस्पर्शी प्रश्नांपैकी आहे. श्रद्धा असूनही ज्याचे मन योगापासून ढळले, तो फाटलेल्या ढगाप्रमाणे दोन्हीकडून नष्ट तर होत नाही ना? शब्दांनी पाहता हा माहिती विचारणारा प्रश्न आहे. खरे पाहता ते भय आहे. म्हणूनच उत्तरात माहिती नंतर येते. 'तात' या वात्सल्याच्या हाकेने भगवान प्रथम अभय देतात की, कल्याणकारक कर्म करणाऱ्या कोणाचीही दुर्गती होत नाही (६.४०). त्यानंतर पुढील जन्मांचा क्रम सांगतात.

हा क्रम प्रत्येक गृहस्थाने मनावर कोरून ठेवावा असा आहे. घरातील तरुण मुलगा अकाली जातो. आई आक्रोश करून विचारते की, हे माझ्याच वाट्याला का आले? प्रश्नाचे रूप कारण विचारण्याचे असते; आणि भेटीला आलेली माणसे कारणे सांगू लागतात. कोणी पूर्वजन्मीच्या पापाचे नाव घेते, कोणी ग्रहांचे, कोणी न केलेल्या व्रताचे. अशी उत्तरे देणाऱ्यांनी चौथ्या अध्यायाचा सतरावा श्लोक आठवावा. तेथे कर्माची गती गहन आहे असे साक्षात भगवंतांनी सांगितले आहे. जी गती गहन, तिचा अमुक धागा अमुक दुःखाला येऊन मिळाला, असे शेजारच्या माणसाने ठामपणे सांगणे हे ज्ञान नव्हे आणि दयाही नव्हे. कर्मसिद्धांत स्वतःच्या आचरणाची जबाबदारी घेण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या जखमेवर दोष ठेवण्यासाठी नाही. त्या मातेचा प्रश्न व्यासभाष्यातील तिसऱ्या जातीचा आहे. त्या रूपात त्याला उत्तर नाही. त्या घटकेला तिच्याजवळ बसणे, तिच्या घरची चूल पेटती ठेवणे, आणि काही बोलावेच लागले तर मुलाच्या सत्कर्माचा नाश होत नाही एवढे बोलणे, हेच उत्तर होय. काही काळाने ती स्वतःच विचारील की, आता मी काय करावे? तो प्रश्न निराळा आहे, आणि त्याचे उत्तर गीता पानोपानी देते.

७. प्रश्नाची मर्यादा

कोणकोणत्या भावांत भगवंताचे चिंतन करावे, असे दहाव्या अध्यायात विचारल्यावर अनेक विभूती सांगितल्या गेल्या; परंतु शेवटी, हे सारे पुष्कळ जाणून तरी काय करावयाचे, असे म्हणून भगवंतांनी ती यादी थांबविली (१०.४२). अकराव्या अध्यायातील विनंती शब्दांनी पुरी होण्यासारखीच नव्हती. तेथे दिव्य दृष्टी द्यावी लागली. काही प्रश्नांचे उत्तर ऐकावयाचे नसते, ते पाहण्याची पात्रता मिळवावयाची असते. प्रश्नोपनिषदात पिप्पलाद ऋषींकडे सहा जिज्ञासू आले, तेव्हा त्यांनी तप, ब्रह्मचर्य व श्रद्धा यांसह एक वर्ष राहण्यास सांगितले. नंतर इच्छेप्रमाणे प्रश्न विचारावेत, आणि आपणास ठाऊक असेल तर आपण सांगू, असे वचन दिले. त्या सहांपैकी सुकेशा भारद्वाज याने, एका राजपुत्राच्या प्रश्नाला आपण 'ठाऊक नाही' असे उत्तर दिल्याचे तेथे सांगितले आहे. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणणे, हेही शास्त्राला मान्य असलेले उत्तर होय.

बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्यांनी गार्गीला अतिप्रश्न करू नकोस असे बजावले, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्याच अध्यायात पुढे ती सभेची अनुमती घेऊन पुन्हा दोन प्रश्न विचारते आणि तिला अक्षरब्रह्माचे उत्तर मिळते, हे मात्र पुष्कळदा सांगितले जात नाही. मर्यादा प्रश्नाच्या रीतीला होती. विचारणाऱ्या स्त्रीला नव्हती, आणि जिज्ञासेलाही नव्हती.

८. शेवटचा प्रश्न

सर्व उपदेश संपवून भगवान अर्जुनाला सांगतात की, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला इच्छा असेल तसे कर (१८.६३). ज्याने तीन वेळा निश्चित उत्तर मागितले, त्याच्याच हाती निर्णय परत दिला गेला. त्यानंतर ते विचारतात की, तू एकाग्रतेने ऐकलेस काय, आणि तुझा मोह गेला काय? याचे उत्तर केवळ अर्जुनच देऊ शकत होता. मोह गेला, संशय फिटला, सांगितल्याप्रमाणे करीन, असे तो म्हणतो (१८.७३), आणि टाकलेले धनुष्य पुन्हा हाती घेतो.

धृतराष्ट्रानेही हेच सर्व ऐकले होते. पण पहिला प्रश्न विचारल्यानंतर तो गीतेत पुन्हा एकही शब्द बोलत नाही. त्याला वार्ता हवी होती. ती त्याला मिळाली. अर्जुनाला श्रेय हवे होते. ते त्याला मिळाले. एकच वाणी दोघांच्या कानी पडली. जो ज्या जातीचा प्रश्न घेऊन येतो, तो त्याच जातीचे उत्तर घेऊन जातो.

मननासाठी

(१) प्रश्न विचारण्यापूर्वी पाहावे : मला जाणून घ्यावयाचे आहे की संमती मिळवावयाची आहे?

(२) उत्तर देण्यापूर्वी पाहावे : समोरचा माहिती मागतो आहे, निर्णय मागतो आहे की आधार मागतो आहे?

(३) ज्याला भय वाटते त्यास प्रथम अभय द्यावे, ज्ञान नंतर सांगावे.

(४) विभागून सांगण्यासारख्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊ नये, व निश्चित उत्तर असलेल्या प्रश्नाला उगाच फाटे फोडू नयेत.

(५) मुलांच्या व सुनांच्या शंकेला दटावणी हे उत्तर नव्हे. ठाऊक नसेल तेथे तसे सांगावे आणि मिळून शोधावे.

(६) रोज रात्री निजण्यापूर्वी भगवंतांचा शेवटचा प्रश्न स्वतःला विचारावा : आज जे ऐकले ते एकाग्रतेने ऐकले काय, आणि त्याने माझा मोह थोडा तरी कमी झाला काय? त्याचे उत्तर उद्याच्या आचरणाने द्यावे.